भोंगाकाका तळ्याकाठी जातात

माझ्या काकांशी फोनवर बोलायचं तर फोन कानापासून हातभर लांब धरावा लागायचा. जेवताना त्यांनी "मीठ दे" म्हटलं, की खालच्या मजल्यावरच्या बाई आपली मिठाची बरणी शोधायला उठायच्या. काका विणकामाच्या गिरणीत माग दुरुस्त करायचे. एका छपराखाली शेकडो माग एकदम चालायला लागले, की तिथे शेजारच्याने कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, नाहीतर हातवारे करतात. काका अगदी लहान वयात त्या खात्यात शिरले आणि केस पांढरे झाले तरी तिथेच होते. आवाज त्यांनी तिथून घरी आणला तो तसाच राहिला. गिरणीत आणि आमच्या इमारतीत सगळे त्यांना 'भोंगा' म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. मी त्यांची सख्खी पुतणी, वरच्याच मजल्यावर राहणारी, पण मैत्रिणींशी बोलताना मीही 'आमचे भोंगाकाका' असंच म्हणायचे.

मनाने मात्र माणूस लोण्यासारखा. कुणाचा नळ गळत असो, कुणाचं कुलूप अडकलेलं असो, हत्यारांची पिशवी घेऊन हजर. फक्त मिशीवाल्या माणसांशी त्यांचं का कोण जाणे, जमायचं नाही. त्यात त्यांचा एकुलता एक जावई निघाला झुपकेदार मिशांचा. "माणूस वाईट नाही," काका गरजायचे, "पण मिशीत बोलतो! सरळ काही सांगायचंच नाही म्हणजे काय!"

काकू बालवाडीत शिकवायची. दिवसभर चिमुरड्यांचा कल्ला आणि संध्याकाळी घरी काका. तिचा स्वतःचा आवाज इतका मऊ, की तिने हाक मारली तरी आपल्यालाच मनात काहीतरी आठवल्यासारखं वाटावं. त्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा एका विद्यार्थिनीची आई तिला म्हणाली, "माझी मावशी डोंगरापलीकडच्या तळ्यांच्या भागात राहते. काठावर घर आहे, पाहुण्यांना खोल्या देते. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण हिवाळ्यात चिटपाखरू नाही. इतकं शांत, की पान पडलं तरी ऐकू येतं."

काकूने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तिने कधी साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. पण त्या दिवशी टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत ती म्हणाली, "मला तिथे जायचंय. बालवाडीला सुट्टी आहे, तुमची गिरणीही देखभालीसाठी बंद असणार. चार दिवस कुणी माझ्याशी ओरडून बोलू नये, एवढंच वाटतं."

काकांना यातलं किती कळलं देव जाणे, पण 'जायचंय' एवढं कळलं. खूश झाले. टेबलावर थाप मारून म्हणाले, "जाऊ! सगळं माझ्यावर सोड! फोन लाव!"

फोन त्यांनीच केला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती, ती मात्र सगळ्या गल्लीला ऐकू येत असणार. "हो! हो! उत्तम! अरेरे! काळजी घ्या हो! ... अस्सं? दोघं एकदम? ... तिच्यासाठी गाजरं आणू का? गाजरं! ... बरं बरं, नको तर नको!"

फोन ठेवला आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे वळले.

"खोली मिळाली. खिडकी तळ्याकडे. बाई फार सज्जन आहे. पण बिचारीचं सकाळी फार दुखतं."

"काय दुखतं?" काकूने विचारलं.

"ते नाही म्हणाली. बहुतेक डोळे. दुपार होईपर्यंत समोरचं काही दिसत नाही म्हणाली."

"अगं बाई! मग पाहुण्यांचं कोण बघतं?"

"बघते कशीतरी. आणि फिरायला घोडी आहे."

"घोडी?"

"स्वभावाने गरीब. जरा हलते, पण उडत नाही. दोघं एकदम बसू शकतो, फक्त मधोमध बसायचं. वळवायला माणूस मिळेल."

काकूने कपाळाला हात लावला. "या वयात मी घोडीवर? आणि दोघं एकदम? त्या मुक्या जनावराचा काही विचार?"

पण काकांनी मनावर घेतलं होतं. घोड्याची त्यांना मनातून भीती, म्हणून तयारी जास्तच जोरात. रोज संध्याकाळी सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचे, पाठ ताठ, हातात काल्पनिक लगाम. काकूने नाइलाजाने जाड उशी शिवली, खोगिरावर टाकायला. गिरणीच्या दवाखान्यातल्या नर्सकडून काकांनी डोळे धुवायचं औषध आणलं आणि सांगितलं, "तळ्यावरच्या बाईसाठी." ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, वडिलांना गुडघ्यापर्यंतचे बूट दिले. जावई मिशीत काहीतरी म्हणाला. आम्ही सगळे हसलो, काका मात्र गंभीर चेहऱ्याने बूट चढवत राहिले.

एका रविवारी सकाळी काका पाव आणायला गेले होते. फोन वाजला, काकूने घेतला. तळ्यावरच्या बाई होत्या. शेगडीला लाकडं किती ठेवू, असं विचारायला फोन केला होता.

काकूने आधी आपुलकीने विचारलं, "तुमचे डोळे कसे आहेत आता?"

"माझे डोळे? ठणठणीत आहेत. का हो?"

"नाही, सकाळी दुखतं, दुपारपर्यंत दिसत नाही, असं तुम्ही आमच्या यांना..."

मग बाईंचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला. "धुकं! धुकं म्हटलं होतं मी! तळ्यावर सकाळी फार धुकं असतं, दुपारपर्यंत समोरचं दिसत नाही!"

काकूने पदर तोंडाला लावला. "आणि ती... घोडी?"

"कुठली घोडी?"

"दोघांना बसता येतं ती. हलते, पण उडत नाही."

"अहो, होडी! होडी आहे माझी! जरा हलते, पण बुडत नाही, असं म्हटलं मी. वल्हवायला माणूस मिळेल म्हटलं. तरीच ते गाजरं गाजरं करत होते! मला वाटलं, त्यांना पथ्य असेल."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघी हसून हसून लोळायच्या बेतात. ती खोगिराची उशी समोरच पडलेली, तिच्याकडे बघितलं की पुन्हा हसू. डोळे पुसता पुसता काकू अचानक थांबली आणि खुर्चीत बसली.

"थांब," ती म्हणाली. "ही बाई इतकं स्वच्छ बोलते. तुला इथे बसून ऐकू आलं. मग यांना का नाही आलं?"

काका पाव घेऊन आले आणि नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत बसले. काकू त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"चहा ठेवू का?"

पेपरचं पान उलटलं गेलं.

"नको असेल तर तसं सांगा."

काही नाही. मग ती वळसा घालून त्यांच्या समोर गेली आणि अगदी त्याच आवाजात म्हणाली, "चहा ठेवू का?"

"ठेव की! विचारतेस काय!" काका गरजले.

स्वयंपाकघरात येऊन काकू ओट्याला टेकून उभी राहिली. भांड्यातलं पाणी उकळून चाललं तरी तिचं लक्ष नव्हतं. "इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस माझ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो," ती म्हणाली. "मी काम करता करता काहीतरी बोलायचे, यांचं उत्तर नाही. मग मी फुगायचे. मी का फुगले ते यांना कळायचं नाही, म्हणून हे जास्तच मोठ्याने बोलायचे. शेवटी मी बोलणंच कमी केलं. वेडीच मी! लहान पोरांचे कान रोज तपासते, आणि घरात..."

ती हसत होती की रडत होती ते मला नीट कळलं नाही. थोडं दोन्ही असावं.

चहा झाल्यावर तिने आडवळण न घेता, काकांच्या समोर बसून, फोनवरचं सगळं सांगितलं. धुकं, होडी, सगळं. काका आधी हसले, मग लाल झाले.

"मला सगळं ऐकू येतं! तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता! फोनची तार खराब आहे! जावई तर मिशीत बोलतो, ते काय माझे कान खराब म्हणून?"

मिशीचं कोडं तेव्हाच सुटलं. ओठच दिसत नसतील तर काका वाचणार काय?

"नाही जायचं तळ्यावर," काका म्हणाले. "रद्द कर. शांत जागी जाऊन बहिऱ्याने करायचं काय?"

तो शब्द त्यांनीच उच्चारला आणि तेच चपापले. काकूने त्यांचा हात धरला. "तिथे मला तुमच्याशी बोलायचं होतं. इथे ओरडून जे बोलता येत नाही, ते."

काका बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग, मी पहिल्यांदाच ऐकलं असेल असं, हळू आवाजात म्हणाले, "गिरणीत कळलं तर मला मागांवरून उचलून गोदामात बसवतील. मागाचं काय बिघडलंय ते आवाजावरून ओळखायचं असतं. मला तो आवाजातला फरक कितीतरी वर्षं ऐकूच येत नाही."

"मग ओळखता कसं?"

"सांगाड्यावर हात ठेवतो. हाताला कळतं." एवढं बोलून ते उठले आणि न बिघडलेलं स्टूल दुरुस्त करायला घेतलं.

दोन दिवस घरात तळ्याचा विषय निघाला नाही. काकूने उशीची शिवण उसवून कापूस परत गादीत घातला. मला वाटलं, संपलं.

पण तिसऱ्या दिवशी काका गेले ते थेट जावयाच्या दारात. हे मला ताईने सांगितलं. काका म्हणाले, "जावईबापू, मला कानाच्या डॉक्टरकडे न्याल का? घरी बोलायचं नाही."

जावई म्हणाला, "नेतो की, बाबा."

"काय?"

"नेतो!"

"हे बघा," काका म्हणाले, "खरं सांगतो, राग मानू नका. लग्न ठरल्यापासून तुम्ही जे जे बोललात, त्यातलं एक अक्षर मला कळलेलं नाही."

जावई आत गेला आणि आरशासमोर उभं राहून मिशा ओठांच्या वरपर्यंत कापून आला. ताई तणतणत होती, "मी वर्षभर मागे लागले तेव्हा नाही कापल्या. सासऱ्याने एकदा सांगितलं तर लगेच!" गाडीत काका सारखे वळून त्याच्या ओठांकडे बघत होते. जावई गोष्टीवेल्हाळ आणि चांगलाच विनोदी निघाला. दवाखान्यात पोचेपर्यंत दोघांची अशी गट्टी जमली, की डॉक्टरांनी त्यांना बापलेक समजून तुमच्या घराण्यात हा त्रास आहे का, असं दोघांना मिळून विचारलं.

डॉक्टर म्हणाले, असे कान मागांच्या आवाजाने जातात, सावकाश, माणसाला कळतही नाही. गेलेलं परत येत नाही, पण यंत्राने बरंच ऐकू येईल. थोड्या दिवसांनी काका दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रं बसवून घरी आले. दारातून आत शिरले आणि सवयीने ओरडले, "चहा!" आणि दचकून मागे बघितलं, कोण ओरडलं म्हणून.

त्यानंतरचे काही दिवस घरात नुसती धमाल. "हा फ्रीज आजारी आहे का? कण्हतोय." "तो पहिल्यापासून असाच आहे हो." "पेपर एवढा वाजतो?" "हे काय टकटक?" "माझी विणकामाची सुई." नळाच्या थेंबामागे ते पाना घेऊन धावायचे. त्यांचा आवाज मात्र खाली आला तो आलाच. खालच्या मजल्यावरच्या बाई काळजीने वर आल्या, "घरात सगळं ठीक आहे ना? मीठ वगैरे हवंय का?"

एका संध्याकाळी काका जिना चढत होते. वरच्या कठड्याशी दोघे शेजारी गप्पा मारत उभे. त्यातला एक म्हणाला, "भोंगा हल्ली वाजत नाही रे!" काका वर आले, घरात शिरले आणि आम्हाला विचारलं, "भोंगा कोण?"

मी पुस्तकात तोंड खुपसलं. काकू चमचे पुसायला लागली, पुसलेलेच पुन्हा.

"कोण भोंगा?" काकांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हणजे गिरणीत, इमारतीत, सगळीकडे? आणि इतकी वर्षं?"

"सगळीकडे," काकू म्हणाली.

काका एवढे हसले, की यंत्रं शिट्टी वाजवायला लागली.

गिरणीतही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. खात्याचे साहेब म्हणाले, "गोदामात बसवलं तर माग कोण बघणार? हात शाबूत आहेत ना तुमचे?" वर खात्यातल्या सगळ्यांचे कान तपासायला लावले. निम्म्या लोकांच्या बायका काकूला दुवा देत होत्या. खात्यात शिरताना कानांत बोळे घालायची सक्ती झाली, ती मोडली तर काकाच सगळ्यांना झापायचे, हातवारे करून.

तळ्याचा बेत पुन्हा जमला, आणि या वेळी फोन काकांनी दरडावून स्वतःकडे घेतला. आता सगळं ऐकू येत होतं ना! ऐटीत बसून विचारलं, "बाई, खोली केवढी आहे?"

उत्तर ऐकून त्यांचे डोळे विस्फारले. फोनवर हात ठेवून आम्हाला म्हणाले, "चार पुरुष! म्हणते, पोहता येत नसेल तर उतरू नका! खोलीत?"

काकूने फोन ओढून घेतला. बाई बिचाऱ्या तळ्याची खोली सांगत होत्या. त्या म्हणाल्या, "आता कान चांगले झालेत म्हणालात ना?" काकू म्हणाली, "कान झाले हो. बाकीचं आहे तसंच आहे."

ते दोघं गेले तेव्हा मी आणि ताई गाडीवर पोचवायला गेलो होतो. काकांनी गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेले, होडीत पाणी शिरलं तर म्हणून. काकूच्या पिशवीत लोकरीचे गुंडे. बाकीचं मला काकूने परत आल्यावर तुकड्यातुकड्याने सांगितलं.

पहिल्या दिवशी काकांना ती शांतता सोसेना. सारखे यंत्रं काढून झटकायचे, बंद पडली असं वाटून. काकू म्हणायची, "चालू आहेत. इथे काही वाजतच नाही." सकाळी खिडकीबाहेर नुसतं पांढरं. तळं नाही, डोंगर नाही, अंगणातला खांबसुद्धा नाही. "बाईंचं आज फार दुखतंय," काका म्हणाले आणि दोघं चहाचे कप धरून हसत बसले.

मग धुकं विरल्यावर ते होडीत बसले, मधोमध, अगदी सांगितल्याप्रमाणे. वल्हवणारा माणूस स्वतः फारसं बोलणारा नव्हता. काठापासून लांब गेल्यावर त्याने वल्ही वर उचलली. काका मान तिरकी करून ऐकत राहिले. वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं, होडीच्या तळाशी लपलप चाललेली, कुठेतरी लव्हाळ्यात एक पाणकोंबडी. आणि अगदी जवळून आणखी काहीतरी. काकांनी इकडेतिकडे बघितलं, मग काकूकडे.

"तू गुणगुणतेस?"

"मी? नेहमीच. बालवाडीतली गाणी डोक्यातून जात नाहीत."

"नेहमी म्हणजे घरीही?"

"घरीही."

काकांनी तिला गप्प राहू दिलं नाही. पोरांची सगळी गाणी एकेक करून म्हणायला लावली. दुसऱ्या गाण्यापासून तो वल्हवणारा माणूसही हळूच साथ द्यायला लागला. परत काठाला लागल्यावर म्हणाला, त्याच्या नातीला त्यातली दोन येतात, पण चाल चुकते.

"आणि काय काय बोललात?" मी विचारलं.

"ते आमचं आम्हाला," काकू म्हणाली आणि लोकरीचा टाका मोजायच्या निमित्ताने खाली बघितलं. मग पुन्हा हसायला लागली आणि शेवटच्या दुपारचं सांगितलं.

काका व्हरांड्यात ऊन खात बसले होते. काकू एकटीच लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. समोर सगळं तळं, मागे डोंगर, माणूस कुठे नाही. तिला काय वाटलं कोण जाणे. तिने पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती इतक्या मोठ्याने ओरडली, "ओ होऽऽऽ!" डोंगराने ते परत पाठवलं. तिला इतकी मजा वाटली, की ती पुन्हा ओरडली, आणि पुन्हा. पाणकोंबड्या फडफडत उडाल्या. घरमालकीण बाई हातातलं भांडं घेऊनच धावत बाहेर आल्या. कुणीतरी पाण्यात पडलं असंच त्यांना वाटलं.

काका खुर्चीतून हललेही नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "काही नाही हो, आमची ही आहे. सुट्टीवर आलीय."